ध्रुवीय संशोधनतळांवरील लहान अणुभट्ट्या : एका युक्तिवादाची चिकित्सा

(१)

ध्रुवप्रदेशांतील दूरस्थ संशोधनतळांना लहान अणुभट्टीतून वीज व उष्णता पुरवावी, हा विचार अलीकडे पुन्हा मांडला जाऊ लागला आहे. कारखान्यात बांधून सुट्या भागांनी वाहून नेता येतील अशा, एक ते पाच मेगावॅट शक्तीच्या अणुभट्ट्यांचे आराखडे अमेरिकेत तयार होत आहेत. अशा यंत्रांचा उपयोग कोठे होऊ शकेल याची यादी केली जाते तेव्हा दूरच्या खाणी, लष्करी ठाणी आणि एकाकी बेटे यांच्या पंक्तीस ध्रुवीय संशोधनतळही बसविले जातात. या विचाराच्या पुरस्कर्त्यांचा सूर असा असतो की, जणू ही कल्पना मनुष्याला प्रथमच सुचली आहे. वस्तुतः अंटार्क्टिकात साडेदहा वर्षे आणि ग्रीनलंडात सुमारे पावणेतीन वर्षे तिचा प्रत्यक्ष अनुभव घेऊन झालेला आहे. उलटपक्षी, विरोधकांना हा इतिहास ठाऊक असतो. परंतु ते त्याचा उपयोग बहुधा थट्टेपुरता करतात.

प्रस्तुत लेखात या दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांची चिकित्सा करावयाची आहे. अणुशक्ती सर्वसाधारणपणे इष्ट की अनिष्ट, या व्यापक वादात येथे शिरावयाचे नाही. आपला प्रश्न मर्यादित आहे. ज्या तळावर रसद वर्षातील थोड्याच आठवड्यांत पोहोचू शकते, हिवाळ्यात बाहेरची मदत येण्याचा मार्ग जवळजवळ बंद असतो, आणि माणसे राहतात ती मुख्यतः निरीक्षण व मापन यांसाठी, अशा तळावरचा जो भार अणुभट्टी हलका करते असे सांगितले जाते, तो खरोखर हलका होतो काय?

(२)

कोणत्याही मताचे खंडन करण्यापूर्वी त्याचा पूर्वपक्ष जितका बळकट करून मांडता येईल तितका मांडावा, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. येथेही तीच पाळणे योग्य होय.

ध्रुवीय तळाचे सारे जीवन इंधनावर चालते. वीज, खोल्यांतील ऊब आणि पिण्याचे पाणीही इंधनावाचून मिळत नाही. कारण पाणी मिळवावयाचे तर बर्फ वितळवावा लागतो किंवा समुद्राचे पाणी गोडे करावे लागते. हे इंधन हजारो मैलांवरून आणावयाचे, आणि ते आणण्यासाठीही इंधनच जाळावयाचे. दक्षिण ध्रुवावरील अमंडसेन-स्कॉट तळाशी फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत विमानांची नियमित ये-जा नसते. तेथे सहा महिने सूर्य दिसत नाही. अशा ठिकाणी सूर्यप्रकाशावर विसंबून भागत नाही, हे उघड आहे.

शिवाय डिझेलही निरुपद्रवी नाही. जानेवारी १९८९ मध्ये अर्जेंटिनाचे 'बाहिया पाराइसो' हे रसदवाहू जहाज अमेरिकेच्या पामर तळाजवळ खडकावर आदळले आणि सुमारे ६ लाख लिटर इंधन समुद्रात सांडले. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्राझीलच्या 'कोमांदान्ते फेराझ' या तळावर जनित्राच्या दालनात आग लागली. तीत दोन माणसे प्राणास मुकली व तळाची मुख्य इमारत नष्ट झाली. डिझेलच्या धुरातील काजळी व वायू, ज्या स्वच्छ हवेच्या मापनासाठी शास्त्रज्ञ तेथे जातात, त्याच मापनात विघ्न आणतात. याउलट तेलाच्या पिंपाएवढा अणुभट्टीचा गाभा वर्षानुवर्षे उष्णता देऊ शकतो. तेव्हा डिझेलचा त्याग करून अणुशक्तीचा स्वीकार करणे हे तळाच्या सुरक्षिततेच्या, विज्ञानाच्या आणि पर्यावरणाच्याही हिताचे होय, असा हा पूर्वपक्ष आहे. त्यातील एकही विधान क्षुल्लक म्हणून बाजूला सारता येणार नाही.

(३)

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळू. रॉस बेटावरील मॅकमर्डो हा अमेरिकेचा अंटार्क्टिकातील सर्वांत मोठा तळ. तेथे अणुभट्टी उभारण्यास अमेरिकन काँग्रेसने १९६० साली अनुमती दिली. मार्टिन कंपनीने बांधलेल्या या यंत्राचे नाव पी. एम. ३ ए. त्याचा कोणताही भाग ३०,००० पौंडांहून जड असू नये, असे बंधन आरंभीच घालून घेतलेले होते. कारण हे भाग विमानाने नेता यावेत असा मूळ संकल्प होता. प्रत्यक्षात ते १९६१ च्या डिसेंबरात जहाजाने पोहोचले. ऑब्झर्वेशन हिल या टेकडीच्या उतारावर पोलादी टाक्या बसवून त्यांच्याभोवती ठेचलेल्या खडकाचा भराव घालण्यात आला, आणि ३ मार्च १९६२ रोजी त्या अणुभट्टीत शृंखला-प्रक्रिया प्रथम सुरू झाली. विद्युत्शक्ती १.८ मेगावॅट. तीमुळे दररोज सुमारे ५,७०० लिटर तेलाची गरज टळते, असे सांगितले जाई. दक्षिण ध्रुवावर व बर्ड तळावरही अशाच अणुभट्ट्या बसविण्याचा विचार त्या काळी होता. तो कधीच अमलात आला नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आवरण-टाकीत साठलेला हायड्रोजन पेटला आणि अणुभट्टी काही आठवडे बंद ठेवावी लागली. पुढे परिस्थिती सुधारली. १९६६ पासून तिच्या वाफेवर समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्रही चालू लागले. परंतु सप्टेंबर १९७२ मध्ये तपासणीसाठी अणुभट्टी बंद केली असता बाष्पजनित्राच्या टाकीतील उष्णतारोधक वेष्टन ओले झाल्याचे आढळले. पाण्यातील क्लोराइडमुळे पोलादी नळ्यांना सूक्ष्म तडे गेले असावेत, अशी शंका आली. ती शंका फेडावयाची तर मोठ्या खर्चाची तपासणी करणे प्राप्त होते. नौदलाने ती न करता अणुभट्टी कायमची बंद करण्याचा निर्णय घेतला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७३ च्या ऑक्टोबरात, जगातील तेलाचे भाव भडकले. तरीही तो निर्णय फिरविला गेला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

यानंतर सुरू झाले ते उपसण्याचे काम. यंत्र तर हलविलेच, पण त्याच्या भोवतालचा दूषित झालेला खडक व मातीही हजारो टनांनी खणून जहाजांतून अमेरिकेस नेली. ती जागा सर्व उपयोगांसाठी खुली झाल्याचे १९७९ च्या मे महिन्यात जाहीर झाले. म्हणजे अणुभट्टी चालली साडेदहा वर्षे, आणि तिची निरवानिरव करण्यास साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागला.

(४)

या इतिहासावरून विरोधक जे दोन आक्षेप काढतात, ते मात्र जसेच्या तसे मान्य करता येण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप कायद्याचा. अंटार्क्टिक करारानुसार त्या खंडावर अणुभट्टीस बंदी आहे, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. १ डिसेंबर १९५९ रोजी स्वाक्षऱ्या होऊन २३ जून १९६१ पासून अमलात आलेल्या या कराराच्या पाचव्या कलमाने दोन गोष्टींना मनाई केली आहे : अणुस्फोट आणि किरणोत्सर्गी कचऱ्याची तेथे विल्हेवाट. वीज निर्माण करणारी अणुभट्टी या मनाईत येत नाही. मॅकमर्डोची अणुभट्टी करार अमलात आल्यानंतरच सुरू झाली होती. १९९१ साली माद्रिद येथे झालेल्या व १९९८ पासून अमलात आलेल्या पर्यावरण-मसुद्याने एवढी भर घातली की, जे कार्य परिणामाने किरकोळ वा तात्पुरते नसेल त्याचे सर्वांगीण पर्यावरणीय मूल्यमापन आधी प्रसिद्ध करून इतर राष्ट्रांपुढे ठेवले पाहिजे, आणि किरणोत्सर्गी पदार्थ निर्माण करणाऱ्याने ते परत नेले पाहिजेत. तात्पर्य, कायदा 'नको' म्हणत नाही. 'आणलेत तर सारे परत न्या, आणि काय करणार ते आधी सांगा' असे म्हणतो. या दोन अटींचा अर्थ किती खोल आहे, हे पुढे दिसेल.

दुसरा आक्षेप आकड्याचा. पी. एम. ३ ए च्या आयुष्यात ४३८ बिघाड नोंदले गेले, हा आकडा या विषयावरील बहुतेक लेखनात आढळतो. तो ऐकताच वाचकाच्या मनात ४३८ अपघातांचे चित्र उभे राहते. परंतु अणुभट्टीच्या नोंदवहीत लहानमोठी प्रत्येक विसंगती लिहिली जाते. त्याच तळावरील डिझेल-जनित्रांची तितकीच काटेकोर वही ठेवली असती तर तीत किती नोंदी भरल्या असत्या, हे कळल्यावाचून या आकड्यास अर्थ प्राप्त होत नाही. तुलनेवाचून दिलेली संख्या ही पुरावा नसून अलंकार असते. आपल्या विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

मात्र दुसरा एक आकडा, जो त्या मानाने कमी उद्धृत होतो, तो खरा बोलका आहे. ही अणुभट्टी तिच्या आयुष्यात सरासरीने ७२ टक्के काळ उपलब्ध होती. आमच्या मते सारा प्रश्न या आकड्यापाशी येऊन थांबतो.

(५)

शेकडा ७२ ही उपलब्धता त्या काळाच्या व त्या जागेच्या मानाने लाजिरवाणी मुळीच नव्हती. परंतु उरलेले २८ टक्के म्हणजे वर्षातील सुमारे १०२ दिवस होत. एखाद्या शहरात वीजकेंद्र १०२ दिवस बंद राहिले तर शेजारच्या केंद्रातून वीज घेता येते. ध्रुवीय तळाला शेजार नसतो. तेथे वीज गेली की काही तासांत नळ गोठतात, आणि नळ गोठले की इमारत राहण्यायोग्य उरत नाही. म्हणून अणुभट्टी असलेल्या मॅकमर्डोवर डिझेलची जनित्रेही ठेवणे भागच होते.

आता त्या जनित्रांसाठी तेल किती साठवावयाचे? येथे पुरस्कर्त्यांच्या हिशेबातील मुख्य दोष उघड होतो. ते सरासरी धरून हिशेब करतात. दररोज ५,७०० लिटर म्हणजे वर्षाला सुमारे २१ लाख लिटर. त्यातील ७२ टक्के वाचले म्हणजे १५ लाख लिटर वाचले. ही वजाबाकी अंकगणित म्हणून निर्दोष आहे. पण ध्रुवीय तळावरील साठा सरासरीवर ठरत नाही, तो सर्वांत वाईट हिवाळ्यावर ठरतो. ते १०२ दिवस वर्षभर सारखे विखुरलेले असतील की हिवाळ्याच्या तोंडाशी सलग येतील, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. शेवटचे जहाज परतल्यावर अणुभट्टी बंद पडली आणि लागणारा सुटा भाग पुढच्या उन्हाळ्यापूर्वी येऊ शकत नसेल, तर संपूर्ण हिवाळा तेलावर काढावा लागणार. तेव्हा तेवढे तेल कोठीत असलेच पाहिजे. अणुभट्टीमुळे जाळावे लागणारे तेल कमी होते. ठेवावे लागणारे तेल तितक्या प्रमाणात कमी होत नाही. हा भेद बारीक वाटला तरी ध्रुवावर जीवनमरणाचा आहे. साठ्यातील तेल एका वर्षी न जळता पुढच्या वर्षासाठी उरते, आणि ते भरून काढण्याच्या फेऱ्या कमी होतात, हा लाभ खरा आहे. परंतु टाक्या, जनित्रे, गळतीचे भय, आगीचे भय आणि तेल उतरविण्याची व्यवस्था ही सारी जागच्या जागी राहतात. पूर्वपक्षात ज्या दोन दुर्घटनांचा दाखला दिला, त्यांची शक्यता कमी होईल. ती नाहीशी होणार नाही.

हिशेबात न येणारी दुसरी बाब मनुष्यबळाची. मॅकमर्डोची अणुभट्टी चालविण्यास नौदलाची सुमारे २५ माणसांची तुकडी लागे, आणि तिचे शिक्षण आधी व्हर्जिनियातील फोर्ट बेल्व्हॉर येथे होई. मॅकमर्डोसारख्या मोठ्या तळावर एवढी माणसे सामावून जातात. पण बहुसंख्य ध्रुवीय तळ लहान असतात. भारताच्या मैत्री तळावर हिवाळ्यात राहणाऱ्या माणसांची संख्याच साधारणतः २५ आहे. त्यांतील वैद्य, स्वयंपाकी, यंत्रज्ञ वगळता निरीक्षणे करणारे किती उरतात, हे सहज कळण्यासारखे आहे. अशा तळावर अणुभट्टीसाठी वेगळी तुकडी नेली, तर तिच्या अन्नाची, निवाऱ्याची व उबेची तरतूद पुन्हा त्याच तळाला करावी लागेल. दिवा लावण्यासाठी घर असते. दिव्यासाठीच घर चालवावे लागले तर तो उलटा न्याय होईल.

(६)

ग्रीनलंडातील 'कॅम्प सेंच्युरी'चा अनुभव आणखी एका दिशेने बोधक आहे. थूल तळापासून सुमारे २४० किलोमीटर आत, हिमाच्छादनात खंदक खोदून अमेरिकन सैन्याने ही छावणी १९५९-६० मध्ये उभारली. तेथील पी. एम. २ ए ही अणुभट्टी ऑक्टोबर १९६० मध्ये सुरू झाली आणि जुलै १९६३ मध्ये बंद करण्यात आली. १९६४ साली ती तेथून हलविली गेली. तिला बंद करण्याचे मुख्य कारण यंत्रात नव्हते, भूमीत होते. हिम ही घट्ट दिसणारी परंतु सतत वाहणारी वस्तू आहे. खंदकांच्या भिंती व छपरे अपेक्षेपेक्षा वेगाने आत सरकू लागली, आणि जी छावणी दहा वर्षे टिकावयाची ती त्यापूर्वीच सोडून द्यावी लागली.

या छावणीची ओळख जगाला संशोधनतळ म्हणून करून देण्यात आली होती. हिमाखाली क्षेपणास्त्रे लपविण्याची 'आइसवर्म' योजना तिच्यामागे होती, हे १९९७ मध्ये डेन्मार्कमधील चौकशीतून प्रकट झाले. तथापि तेथे खरे विज्ञानही घडले, आणि ते अव्वल दर्जाचे होते. हिमात सुमारे १,३८७ मीटर खोल छिद्र घेऊन तळच्या खडकापर्यंत पोहोचलेला पहिला हिमस्तंभ जुलै १९६६ मध्ये येथेच मिळाला. विली डान्सगार्ड यांनी त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे विश्लेषण करून एक लाख वर्षांच्या हवामानाचा आलेख मांडला, आणि प्राचीन हवामानाच्या अभ्यासाला नवे वळण लागले. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, हे छिद्र तळाला पोहोचले तेव्हा अणुभट्टी तेथून जाऊन दोन वर्षे झाली होती. छावणीतील सर्वांत मोठे वैज्ञानिक कार्य डिझेलच्या जनित्रांवर तडीस गेले. यावरून अणुभट्टी निरुपयोगी होती असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. परंतु तिच्यावाचून विज्ञान अडून राहते, हे म्हणणे मात्र या उदाहरणापुरते निकालात निघते.

छावणी सोडताना बाकीचे सामान हिमातच राहू दिले गेले. ते तेथे कायमचे गाडले जाईल अशी त्या वेळी समजूत होती. २०१६ साली विल्यम कोल्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्या हिमाखाली सुमारे २ लाख लिटर डिझेल, सांडपाणी, विषारी रसायने आणि अणुभट्टीच्या शीतक पाण्याचा अल्प किरणोत्सर्गी अंश असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि वाढत्या उष्णतेने तो कचरा पुढेमागे मोकळा होण्याची शक्यता दर्शविली गेली. २०२१ मधील पुढच्या अभ्यासाने, वितळलेले पाणी २१०० पर्यंत त्या कचऱ्यापर्यंत झिरपणार नाही असे दाखवून ही भीती बरीच सौम्य केली. तरीही, हिमाला निश्चल कोठी मानणे ही चूक होती एवढे सिद्ध राहते.

(७)

पुरस्कर्ते यावर म्हणतील की, ही सारी उदाहरणे साठ वर्षांपूर्वीच्या यंत्रांची आहेत. हे उत्तर रास्त आहे, आणि त्याला योग्य तो मान दिला पाहिजे. नव्या आराखड्यांत युरेनियमच्या खसखशीएवढ्या कणांवर कार्बन व सिलिकॉन कार्बाइड यांचे थर चढविलेले असतात. ते थर अतिउष्णतेतही किरणोत्सर्गी द्रव्ये आत धरून ठेवतात. कित्येक आराखड्यांत शीतकासाठी पाणी वापरलेलेच नसते. तेव्हा मॅकमर्डोवर जी शंका निर्माण झाली ती त्या स्वरूपात तेथे उद्भवणार नाही.

परंतु 'लहान' या शब्दाचे मोहजाल येथे ओळखले पाहिजे. शक्ती लहान असली म्हणजे जबाबदारी लहान होते, असे नाही. ३ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेतील आयडाहो येथे एस. एल. १ या अणुभट्टीत मधला नियंत्रक दांडा हाताने गरजेपेक्षा अधिक वर ओढला गेला आणि क्षणार्धात शक्ती उसळून तिघे कर्मचारी मृत्यू पावले. ही अणुभट्टी अवघ्या तीन मेगावॅट उष्णताशक्तीची होती. तिची रचना आर्क्टिकमधील दूरच्या रडार-ठाण्यांसाठी नमुना म्हणून केलेली होती, हे विशेष. थोडी माणसे, साधी रचना, दूरची जागा हेच तिचे गुण म्हणून सांगितले गेले होते. आजचे आराखडे त्या दोषापासून मुक्त आहेत. तथापि नवेपणा हा स्वतः पुरावा नव्हे. यंत्र कागदावर किती काळ चालेल हे महत्त्वाचे नाही; दुरुस्तीचा कारखाना जवळ असलेल्या जागी ते किती वर्षे प्रत्यक्ष चालले, हे महत्त्वाचे आहे. रशियाच्या पेवेक बंदरात डिसेंबर २०१९ पासून वीज पुरविणाऱ्या 'अकादेमिक लोमोनोसोव' या तरंगत्या केंद्राचा दाखला या संदर्भात दिला जातो. पण त्यातील दोन अणुभट्ट्यांची शक्ती प्रत्येकी ३५ मेगावॅट आहे, ते एका शहराला वीज देते, आणि प्रसंगी ओढून परत नेता येते. संशोधनतळाच्या प्रश्नाला ते उत्तर होत नाही.

(८)

समतोलासाठी हीच कसोटी पर्यायांनाही लावली पाहिजे. बेल्जियमचा 'प्रिन्सेस एलिझाबेथ' तळ २००९ पासून वारा व सूर्य यांवर चालविला जात आहे. परंतु तो मूलतः उन्हाळी तळ आहे, ही मर्यादा विसरता कामा नये. रॉस बेटावर क्रेटर हिल येथे प्रत्येकी ३३० किलोवॅटच्या तीन पवनचक्क्या २०१० साली सुरू झाल्या आणि त्यांची वीज मॅकमर्डो व न्यूझीलंडचा स्कॉट तळ या दोघांनाही मिळू लागली. वाऱ्याच्या बाबतीतही जाळावयाचे तेल घटते आणि ठेवावयाचे तेल फारसे घटत नाही. या दृष्टीने पवनचक्की अणुभट्टीहून श्रेष्ठ नाही. भेद शेवटात आहे. पवनचक्की बंद पडली तर एक खांब उतरवावा लागतो. अणुभट्टी बंद पडली तेव्हा टेकडीचा उतारच खणून न्यावा लागला.

यावरून आमचा निष्कर्ष असा. ध्रुवीय तळावरील अणुभट्टी वाहतुकीचा भार नाहीसा करीत नाही. दरवर्षी थोडाथोडा दिसणारा भार ती शेवटच्या काही वर्षांवर एकवट ढकलते. जो ताळेबंद इंधनाच्या पहिल्या दिवशी सुरू होऊन विजेच्या शेवटच्या दिवशी संपतो, तो अपुरा होय. तो मातीचे शेवटचे पिंप परत जाईपर्यंत चालू ठेवला पाहिजे. यापुढे असा प्रस्ताव कोणी मांडील तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारावेत : अणुभट्टी संपूर्ण हिवाळा बंद राहिल्यास तळ कशावर जगेल? ती चालविणारी माणसे निरीक्षकांची जागा घेणार की त्यांच्यात भर घालणार? आणि ती हलविण्याचा खर्च, जहाजे व वर्षे आरंभीच बाजूला काढून ठेवली आहेत काय? या तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळाल्यास हा विषय पुन्हा खुल्या मनाने विचारात घेण्यास प्रत्यवाय नाही. दक्षिण ध्रुवासारख्या, वीज व उष्णता यांची सतत व मोठी गरज असलेल्या तळावर ती उत्तरे कधीतरी मिळूही शकतील.

हा विचार आपल्यापासून दूरचा नाही. १९८१ च्या डिसेंबरात पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून निघाली. आजही आपल्या ध्रुवीय संशोधनाचे केंद्र वास्को-द-गामा येथेच आहे. मैत्री तळाच्या जागी नवा तळ उभारण्याचा मनोदय भारताने २०२४ मध्ये जाहीर केला आहे. त्या तळाला शक्ती कोठून मिळणार, याचा विचार करताना अभ्यासकांनी मॅकमर्डोच्या साडेदहा वर्षांइतकेच त्यानंतरच्या साडेसहा वर्षांकडेही लक्ष द्यावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.